मांडीवरची लढाई

मुलीच्या बापासमोर पहिल्यांदा जेवायला बसायचं आणि त्याच वेळी टेबलाखाली मांडीवर राक्षसांशी लढाई चालू ठेवायची, हे शहाण्या माणसाचं काम नव्हे. पण लेइमिन शहाणा असता तर शूफान त्याच्या प्रेमात पडली नसती, हेही तितकंच खरं. जिनानमधल्या एका हॉटेलच्या वरच्या खोलीत गाओ मंडळी गोल टेबलाभोवती बसली होती: शूफानचे वडील, आई, आजी आणि थोरले काका. लग्न वडिलांच्या एका होकारावर अडलं होतं.

शूफानने जिन्यातच बजावलं होतं. "फोन बाहेर काढलास तर मेलास. जेवताना फोनमध्ये डोकं घालणारी माणसं बाबांना डोळ्यांसमोर नको असतात. आणि लग्न ठरलं की तो खेळ कायमचा बंद. शब्द दिलायस."

"दिलाय ना," लेइमिन म्हणाला. "पण आजची लढाई ठरलेली होती गं. पाच जणांचा संघ असतो. मी गेलो नाही तर दर पाळीला चौघं माझ्यासाठी खोळंबणार."

'नऊ शिखरं' या खेळाची मजाच ही, की त्यात धावपळ नाही. आपण चाल ठरवायची, समोरच्यांनी ठरवायची, मग एकेकाने आपापल्या पाळीला हाणायचं. विचाराला अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात माणूस एक जियाओझ, म्हणजे सारण भरलेली उकडलेली करंजी, व्हिनेगरात बुडवून तोंडात टाकू शकतो, वर "हो काका, नोकरी कायम आहे" असंही म्हणू शकतो. लेइमिन संघाचा वैद्य होता. त्याने वेळेत चाल दिली नाही तर वैद्यबुवा औषधपाणी सोडून जडीबुटीच्या जुडीने राक्षसाला झोडपत, आणि राक्षसाला त्याने गुदगुल्यासुद्धा होत नसत.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग शूफानच्या वडिलांनी, गाओसाहेबांनी, ज्वारीच्या दारूचा प्याला पुढे केला.

आता आमच्या शानतोंग प्रांतात धाकट्याने आपला प्याला थोरल्याच्या प्याल्यापेक्षा खाली धरायचा असतो. लेइमिनने तो धरला. पण गाओसाहेब बस डेपोचे निवृत्त व्यवस्थापक, रीतीभातीला पक्के. ते म्हणाले, "अरे, आज तू पाहुणा," आणि त्यांनी आपला प्याला त्याहून खाली नेला.

"छे छे काका, असं कसं चालेल?" लेइमिन आणखी खाली गेला.

"ऐक बाळ माझं."

"नाही काका, मला लाजवू नका."

दोघंही हट्टाला पेटले. प्याले टेबलाच्या कडेखाली गेले, मागोमाग दोन डोकी गेली, आणि टेबलक्लॉथच्या आत लेइमिनच्या मांडीवर एक हिरवा राक्षस लखलखत होता.

"हे काय?" गाओसाहेबांनी टेबलाखालूनच विचारलं.

लेइमिनची पाचावर धारण बसली. फोन लपवायच्या गडबडीत भलतीकडेच बोट लागलं आणि संघाच्या कप्तानाचा आवाज खोलीभर घुमला. "वैद्यबुवा, झोपलात काय? मी मरतोय इथं. औषध द्या."

"अगं बाई, कोण मरतंय?" आजी दचकली. "बाओतियान, आधी त्याला औषध दे. प्यायचं मग बघ."

आईचा शब्द गाओसाहेबांनी जन्मात मोडला नव्हता. त्यांनी फोन वर काढला आणि टेबलाच्या मधल्या फिरत्या काचेवर माशाशेजारी ठेवला. शूफानने कपाळाला हात लावला. लेइमिनने तोंडातल्या तोंडात सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे माहजोंगसारखं," आजी म्हणाली. "आपली पाळी आली की खेळायचं. मध्ये जेवायलाही सापडतं. चांगला आहे की खेळ."

"काय चांगला?" गाओसाहेब करवादले. "तो राक्षस मारतोय आणि आपली माणसं रांगेत उभी राहून मार खातायत. पळता येत नाही? बाजूला होता येत नाही?"

"काका, पाळी त्याची आहे."

"आणि एका लढाईला एवढा वेळ? एवढ्यात माझी बस छिंगदाओला पोचली असती."

असं म्हणत म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पुढची पाळी आली. आजी म्हणाली, कप्तानाला औषध द्या. गाओसाहेब म्हणाले, औषध कसलं देताय, राक्षस अर्धमेला झालाय, हाणा. शूफानची आई म्हणाली, त्या कोपऱ्यातल्या मुलीचं आधी बघा, बिचारी किती वाळलीये. वाद रंगात आला आणि लेइमिनचं बोट आता टेकणार, तेवढ्यात थोरल्या काकांना माशाचा तुकडा हवासा वाटला. त्यांनी काच फिरवली. फोन भाताची पेज, शेंगदाणे आणि कोबीला प्रदक्षिणा घालत पलीकडे गेला. तो परत येईपर्यंत वेळ संपली. वैद्यबुवांनी राक्षसाला जुडीने झोडपलं. कप्तान मेला आणि त्याच्यामागे बाकीचेही पटापट गेले.

लेइमिनला वाटलं, आटोपलं सगळं. लढाई गेली आणि बायकोही गेली.

फोनमधून कप्तान ओरडला, "वैद्यबुवा, आज तुमच्या अंगात कोण शिरलं होतं?"

गाओसाहेब फोनवर वाकले. "मी. गाओ बाओतियान. चूक आमच्याकडून झाली. पुन्हा लढाई कधी आहे?"

"पुढच्या रविवारी," कप्तान चाचरत म्हणाला.

"आम्ही वेळेवर हजर राहू." मग ते लेइमिनकडे वळले. "रविवारी घरीच ये. हॉटेलात गोंधळ होतो."

लेइमिनचा चेहरा उजळला आणि लगेच उतरलाही. "काका, यायला आवडलं असतं. पण मी शूफानला शब्द दिलाय. लग्न ठरलं की खेळ बंद."

गाओसाहेबांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा आजीकडे पाहिलं. आजीने मान हलवली.

"मग आज ठरवता येणार नाही," ते म्हणाले.

"बाबा," शूफान म्हणाली, "मुलगा पसंत नाही का?"

"मुलगा उत्तम आहे. म्हणून तर म्हणतो, लग्न ठरवायची घाई नको. आधी तो राक्षस मरू दे."

"आणि त्याच्यानंतर दुसरा आला तर?"

"येतच राहतात," लेइमिनने प्रामाणिकपणे माहिती दिली.

शूफानने चॉपस्टिक खाली ठेवल्या. बापाला ती लहानपणापासून ओळखत होती. ह्या हिशेबाने लग्न तिच्या म्हातारपणी लागलं असतं.

"तुझा शब्द तुला परत दिला," ती लेइमिनला म्हणाली. "खेळा दोघं."

"मग ठरलं लग्न," गाओसाहेब म्हणाले.

"दोघं कोण?" आजीने विचारलं. "संघ पाच जणांचा असतो ना? मग त्या चार परक्यांचं काय काम आपल्यात?"