डावीकडचा पाइप आणि डावीकडचीच टाकी

"चिमे, त्याला सांग, टाकीचं तो बघणार असेल तर पाइपाला हात लावू नको म्हणावं."

"ताई, त्यांना सांग, त्यांच्या पाइपाला हात लावायची मला हौस नाही."

दोघे भाऊ एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसले होते आणि मध्ये बसली होती मधली बहीण. दोघांनाही दोघांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी मधली एकदा डावीकडे वळून म्हणाली, "दादा, तो हो म्हणतोय," आणि एकदा उजवीकडे वळून म्हणाली, "छोट्या, दादाला पटलंय."

घर तीन मजल्यांचं. वर थोरला, खाली धाकटा, मध्ये ही. वडील गेले त्याच वर्षी धाकट्याने त्यांची जुनी गाडी मागे घेताना थोरल्याने हौसेने बसवलेल्या फाटकाला भिडवली. थोरला म्हणाला, डोळे काय गहाण ठेवलेस का? धाकटा म्हणाला, फाटकच चुकीच्या जागी आहे. फाटक दुसऱ्या दिवशी सरळ झालं. भाऊ काही झाले नाहीत. तेव्हापासून दोघांमधली सगळी वाहतूक मधलीमार्फत चालायची.

मधलीची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. हजारो माणसांची बोलणी तिने जोडून दिली आणि एकाचाही शब्द कधी बदलला नाही. घरी मात्र तिने हा नियम पाळला नव्हता. वरून निघालेला निरोप खाली पोचेपर्यंत ती त्याला आंघोळ घालायची, केस विंचरायची आणि मगच दारात उभा करायची.

आता प्रश्न गाडीचा होता. सायलेन्सरची चाळणी झाली होती आणि पेट्रोलची टाकी गंजून तळातून पाझरत होती. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ रविवारी दुपारी येऊन गाडी घेऊन जाणार होते. मधलीने कसंबसं दोघांकडून एक कबूल करून घेतलं होतं: त्याआधी गाडी स्वतःच्या चाकांवर चालली, तर विकायची नाही.

गाडी तिला येतही नव्हती. पण तिघांच्या मालकीचं आता तेवढंच उरलं होतं. ती गेली की राहणार तीन कुलपं आणि एक जिना, हे तिला दिसत होतं.

कामाची वाटणी मात्र झकास झाली. थोरला पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला, म्हणून पाइप आणि सायलेन्सर त्याच्याकडे. धाकट्याचं भांड्यांचं दुकान. टाकी म्हणजे शेवटी मोठं भांडंच, असं तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी थोरल्याने वरून हाक मारली. "चिमे! त्या शहाण्याला सांग, माझा पाइप डाव्या अंगाने येणार. टाकी जुन्या मापाचीच आण. भांडी विकून मापाची अक्कल आली असेल तर!"

मधली जिना उतरायला लागली. पहिल्या काही पायऱ्यांत तिने 'शहाणा' काढला. वळणावर 'अक्कल' काढली. मग भांडी काढली. खाली पोचली तेव्हा काटे काढता काढता मासाच गेला होता.

"दादा म्हणतोय, टाकी चांगली बघून आण. तुला त्यातलं कळतं."

धाकट्याच्या हातातली कढई तशीच राहिली. "दादा असं म्हणाला?"

"अगदी असंच."

त्याच उत्साहात धाकट्याने साधी टाकी सोडून चांगली ऐसपैस, आडवी टाकी ठरवली आणि निरोप पाठवला. "ही डावीकडे जरा पसरते. पाइप उजवीकडून न्या म्हणावं. आणि जन्मभर गळके नळ दुरुस्त केले, तसा हा गळता ठेवू नका म्हणावं."

मधली जिना चढली. वर जाऊन म्हणाली, "छोट्या म्हणतोय, पाइपाच्या कामात दादाच्या हाताला तोड नाही."

थोरल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तोही बाजारात गेला आणि होता त्यापेक्षा लांब, जाडजूड, चकचकीत सायलेन्सर घेऊन आला. डाव्या बाजूचा.

शनिवारी संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात गाडी उचलून धरली होती आणि खाली मेकॅनिक कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काय झालं हो?" मधलीने विचारलं.

"बाई, माल दोन्ही एक नंबर आणलाय. फक्त एका गाडीला बसत नाही."

"म्हणजे?"

"जिथे सायलेन्सर, तिथेच टाकी. आता सायलेन्सर तापणार निखाऱ्यासारखा, आणि त्याला पेट्रोल टेकवून ठेवायचं. गाडी सुटेल जोरात. पण रस्त्यानेच जाईल असं काही नाही."

"चिमे, मी तुला सांगितलं होतं ना, डावीकडून येणार म्हणून!"

"ताई, मी तुला बजावलं होतं ना, उजवीकडून न्या म्हणून!"

मेकॅनिकने हळूच रेडिओ बंद केला. कामात असं काही रोज ऐकायला मिळत नाही.

"काय सांगितलं होतंत तुम्ही?" धाकट्याने विचारलं. सरळ थोरल्याला.

"मी म्हणालो, त्या शहाण्याला सांग, जुन्या मापाची आण, अक्कल असेल तर!"

"पण ताई म्हणाली, तुम्ही म्हणालात तुला त्यातलं कळतं!"

"कळतं? तुला?" थोरला मधलीकडे वळला. "आणि माझ्या हाताला तोड नाही म्हणाला होता, ते गं?"

"मी?" धाकटा ओरडला. "मी गळके नळ म्हणालो!"

मधली स्टूल शोधून बसली. उभ्याने ऐकण्यासारखं हे नव्हतं.

"कधीपासून चाललंय हे?" थोरल्याने विचारलं.

"पहिल्यापासून."

"म्हणजे माझा गुडघा धरला होता, तेव्हा हा 'काळजी घे' म्हणाला..."

"तो म्हणाला, वरच्या मजल्याची हौस कोणाला होती?"

"आणि माझ्या पोरीच्या निकालाला यांनी 'शाब्बास' सांगितलं होतं," धाकट्याचा आवाज थोडा उतरला, "तेही तूच?"

"नाही. ते दादाच म्हणाला होता. त्याला मी हात लावला नाही."

धाकटा सायलेन्सरकडे बघत राहिला. थोरला उगाचच टाकीवर टकटक करून बघायला लागला.

"पोरीने मार्कच तसे मिळवले होते," तो टाकीला म्हणाला.

मेकॅनिक खाकरला. "दुकानं आता सोमवारी उघडतील. बदलून मिळायचं नाही. उद्याला गिऱ्हाईक आहे ना तुमचं?"

थोरल्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "लाइनीला खडक आडवा आला तर आम्ही खडक फोडत बसत नव्हतो. बेंड टाकायचो. पाइप मागच्या चाकांच्या अलीकडून उजवीकडे वळवा. काय रे, तुझी ही पिंपाएवढी टाकी थोडी सरकेल का?"

"पिंप नाही, टाकी आहे ती. सरकेल. पट्टे बदलावे लागतील."

"मग बदल की. तोंड काय बघतोयस?"

थोड्या वेळाने मेकॅनिकने गाडी ठोकळ्यांवर खाली घेतली. तिच्याखालून दोन जोडी पाय बाहेर आलेले मधलीला दिसत होते. मेकॅनिक पाइप कापून, वळवून, वेल्डिंग करून देत होता. आतून आवाज येत होते.

"पाना दे. हा नाही, मोठा."

"मग मोठा म्हणायचं ना!"

"धर इथे. अरे, माझं बोट आहे ते!"

"दादा, तू श्वास घेऊ नको रे, पोट लागतंय पाइपाला."

धाकट्याच्या तोंडचं 'तुम्ही' केव्हाच निघून गेलं होतं. मधलीने डोळ्याला पदर लावला. मेकॅनिक म्हणाला, "वेल्डिंगकडे बघू नका बाई, डोळे खराब होतात." ती म्हणाली, "हो ना."

रविवारी गाडी सुरू झाली. वडिलांच्या वेळी ती सकाळी दम्याच्या आजाऱ्यासारखी खोकायची. आज ती नुसती गुणगुणली. दोघे भाऊ दोन दारांतून एकदम आत बसले. मधलीने मागच्या दाराला हात घातला.

"तू नको," थोरला म्हणाला.

"अजिबात नको," धाकटा म्हणाला. "तू मध्ये आलीस की घोळ होतो."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं आणि ते तिच्याविरुद्ध होतं. गाडी झोकात गल्लीबाहेर पडली. तेवढ्यात ते गृहस्थ आले. मधलीने त्यांना गाडीची पाठमोरी डिकी दाखवली. "ती बघा, चालली. आता ती विकायची नाही." गृहस्थांनी हळहळत टोपी सारखी केली आणि आल्या वाटेने गेले.

ते वळणाआड होतात न होतात तोच पलीकडे गुणगुण थांबली. मधली धावत कोपऱ्यापर्यंत गेली. मागून मेकॅनिकही आला.

गाडी रस्त्याच्या कडेला झाडाखाली उभी होती. काचा खाली होत्या आणि आतला आवाज पार कोपऱ्यापर्यंत येत होता.

"टाकी तुझं खातं! पेट्रोल तू भरायचं!"

"मला वाटलं, तू भरलंस!"

"मी कशाला भरू? मला सांगितलंस का तू?"

"मग तू विचारलंस का?"

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "चाचणीपुरतं मी बाटलीभर टाकलं होतं बाई. नव्या टाकीत थेंब नाही. दोघांत एकानेही भरलं नाही?" तो गॅरेजातून रिकामा डबा घेऊन आला आणि त्याने सायकलवर टांग टाकली. "आणतो पटकन. इथे जवळच पंप आहे."

मधलीने सायकलचं हँडल धरलं. गाडीत आता फाटकाचा विषय निघाला होता. धाकटा हातवारे करून फाटक कुठे असायला हवं होतं ते दाखवत होता. थोरला हसत होता की ओरडत होता ते इथून कळत नव्हतं. पण त्याने शेजारचं दार उघडून पाय बाहेर सोडले होते, घरच्या ओट्यावर बसावं तसे.

"जवळचा नको," मधली म्हणाली. "तो गावाबाहेरचा पंप आहे ना, तिथून आणा. आणि सावकाश या."