इनास अंकलची न दिसणारी वायर

अन्याय झाला तो बहारीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या मराठी वर्गावर. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी बरोबर चार वाजता. वर्ग म्हणजे आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा मंडळाचा हॉल, एक पांढरा फळा, नऊ खुर्च्या आणि मी. त्या दिवशी नऊच्या नऊ खुर्च्या रिकाम्या होत्या. फळ्यावर मी 'मला काय आवडते?' असं लिहून ठेवलं होतं, आणि मला काय आवडत नाही ते खिडकीतून खाली दिसत होतं.

खाली पार्किंगमध्ये एका पांढऱ्या पिकअपभोवती माझे सगळे विद्यार्थी गोळा झाले होते. पिकअपवरचा उंच अँटेना वाऱ्यावर डुलत मला वेडावत होता.

गुन्हेगाराचं नाव जाहीर करते. इनास अंकल. राहणार तिसरा मजला, मूळ गाव वसई, एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. आरोप, भरदिवसा मुलं पळवणे.

मी पत्रकं वाटत मोठी झालेली मुलगी आहे. कॉलेजात असताना पाण्याच्या टँकरवाल्यांविरुद्ध, टेकडी फोडणाऱ्यांविरुद्ध, एकदा तर कॅन्टीनच्या चहाविरुद्ध पत्रकं काढलीत. नोकरीसाठी बहारीनला आले तेव्हा मोर्चे सुटले, पण पत्रक सुटलं नाही. इथल्या आपल्या घरांतली मुलं मराठी समजतात आणि उत्तर इंग्लिशमध्ये देतात, हे पाहून मी वर्ग काढला. 'पालकहो, जागे व्हा!' असं पत्रक लिफ्टमध्ये चिकटवलं. पालक जागे झाले की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी इनास अंकल लिफ्टमध्ये खिशातली पट्टी लावून ते पत्रक सरळ करत होते.

"मजकूर चांगला आहे गे बाय," ते म्हणाले, "पण तिरका लागलाय. तिरकं दिसलं की माणूस वाचत नाही, मान वाकडी करतो."

हा माणूस असा. आयुष्य हॉलमध्ये टेबलक्लॉथ सरळ करण्यात गेलेलं. लग्न असो, कॉन्फरन्स असो, माइक-दिवे-स्क्रीन सगळं चालू पाहिजे आणि एकही वायर पाहुण्याला दिसता कामा नये. "वायर दिसली की इज्जत गेली," हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते फक्त हॉटेलात पाळतील तर कसले! कोणाकडे जेवायला गेले तर वरण पानात पडायच्या आत टीव्हीच्या मागे शिरतात आणि सगळ्या वायरी बांधून गुडघे झटकत बाहेर येतात. आमच्या गणपतीत मखराच्या दिव्यांची वायर लोंबत होती. अंकल आरतीला टाळ वाजवत होते, ते तसेच खाली बसले, टाळ शेजाऱ्याच्या हातात दिले आणि चौरंगाखाली गेले. आरती संपली तेव्हा वायर अदृश्य होती. "बाप्पा तुमचा," ते म्हणाले, "वायर माझी."

अशा माणसाने पिकअपमध्ये सीबी रेडिओ बसवायला घेतला. सीबी म्हणजे गाडी-गाडीत बोलायचा वायरलेस. बटण दाबून बोलायचं, बटण सोडून ऐकायचं, पल्ला जेमतेम काही किलोमीटर. मोबाइल असताना हा कशाला, हे सगळ्यांनी विचारून झालं. अंकलनी रीतसर परवानगी काढली आणि उन्हाळाभर ते काम केलं. माणसं एसीच्या बाहेर नाक काढत नाहीत तेव्हा हे पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभे, डोक्यावर ओला रुमाल.

टपाला भोक पाडायला त्यांचा नकार. "माझ्या घराच्या छपराला मी भोक पाडीन काय?" म्हणून अँटेना मागच्या हौद्याच्या कडेला, पट्टीवर. पण पट्टी नुसती आवळून चालत नाही, तिच्याखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो, तरच अर्थिंग लागतं. नव्या गाडीचा रंग खरवडताना अंकलचा चेहरा असा झाला होता की पवार म्हणाले, "अंकल, भूल देऊन करायचं ना." पवार म्हणजे आमच्याच इमारतीतले अकाउंटंट, माझ्या वर्गातल्या रियाचे बाबा.

बॅटरीपासून निघालेली वायर इंजिनामागच्या पत्र्यातून, रबरी बुचातून आत. अँटेनाची जाड काळी केबल गालिच्याखालून, दाराच्या फटीत कुठेही न चिमटता. उरलेली केबल आवळून गुंडाळायची नाही, तिला सैल झोपवायची. "झोपू दे तिला," असं ते खरंच म्हणाले. मग मीटर लावून अँटेनाची उंची केसाएवढी कमी-जास्त करणं. सुई लालात गेली की बोललेलं सगळं बाहेर न जाता उलटं घरी येतं, असं त्यांनी मला समजावलं, आणि ते माझ्या पत्रकांबद्दल बोलत होते की काय अशी शंका मला आजही आहे.

शेवटी रेडिओ बसला. दार उघडलं तर डॅशबोर्डखाली कंपनीनेच दिल्यासारखा. एक वायर दिसेल तर शपथ. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मी विचारलं, "अंकल, पण समोरून बोलणार कोण?"

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"दुसरा सेट कोणाकडे आहे? मफी. नायच कोणाकडे."

"मग एवढं कशाला केलंत?"

"आधी आपलं नीट पाहिजे गे. समोरचा येईल तेव्हा आपली गडबड नको."

एक महिना हा माणूस संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन पिकअपमध्ये बसायचा, चॅनल चौदा लावायचा आणि खरखर ऐकायचा. शेवटी स्वतःच दुसरा सेट विकत घेतला आणि पवारांच्या जीपमध्ये बसवून दिला. एक गाडी पार्किंगच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. हाक मारली तर ऐकू येईल एवढं अंतर. आणि तिथेच माझा वर्ग बुडाला, कारण मुलांनी तो माइक पाहिला.

चॅनल चौदाला नियम एकच होता, मराठी. त्याची अंमलबजावणी कशी, तेही सांगते, कारण माझा सगळा जळफळाट तिथेच आहे. रिया आठ वर्षांची. माझ्या वर्गात तीन महिन्यांत ती एकच वाक्य बोलली होती, "मे आय गो टू द वॉशरूम?" ती जीपमधून म्हणायची, "अंकल, कॅन आय टेल यू समथिंग?"

पलीकडून अंकल, "सिग्नल मफी. आवाज तुटतोय. ओव्हर."

"अंकल, आय सेड..."

"काहीच येत नाही बाय. वारा आहे वाटतं. ओव्हर."

वारा कुठला! काचा बंद, आणि ते तिथून तिला हात हलवून दाखवतायत. मग रिया डोळे मिटून शब्द शोधायची. खरखर चालू. अंकल गप्प. आणि मग, "अंकल... आमच्याकडे आज... मेथीची भाजी झाली. मला ती आवडत नाही. ओव्हर."

'मला ती आवडत नाही'! माझ्या फळ्यावरच्या धड्यातलं वाक्य! मी ज्याच्यासाठी तक्ते केले, रंगीत खडू मागवले, ते वाक्य हा माणूस मेथीच्या भाजीतून काढतो! मला राग आला असं म्हणणार होते, पण राग नव्हे. हेवा. ढळढळीत हेवा. त्यात मंडळाने कळवलं की महिनाअखेरपर्यंत मुलं आली नाहीत तर शुक्रवारचा हॉल झुंबाला देणार. माझा वर्ग झुंबा खाणार, आणि कारण काय, तर एका बँक्वेट मॅनेजरचा अँटेना!

डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या इमारतीचे लोक साखीरच्या वाळवंटात तंबू टाकायला गेले. हवा छान, मुलं वाळूत. मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. पिकअप एका उंचवट्यापलीकडे होती, तिच्यात अंकल आणि रिया. मी पवारांच्या जीपमध्ये चढले, माइक उचलला आणि बटण दाबलं.

"इनास अंकल, मी बोलतेय. मी जाहीर निषेध करते. तुम्ही माझे विद्यार्थी पळवलेत. मला शुक्रवारचे चार ते पाच परत हवेत. मुलांना तुम्ही स्वतः वर्गात पाठवायचं. त्या वेळी रेडिओ बंद ठेवायचा. आणि हॉल गेला तर त्याची जबाबदारी तुमची!" अजून बरंच होतं. भाषेच्या मरणाबद्दलचं एक वाक्य तर मला स्वतःलाच फार आवडलं. पवार बाहेरून काहीतरी खुणा करत होते. पाठिंबा देतायत असं वाटून मी आवाज आणखी चढवला.

शेवटी दमून अंगठा उचलला. खरखर. मग रियाचा आवाज आला, "टीचर, तुम्ही बटण सोडलंच नाही. अंकल मघापासून हो म्हणतायत. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. ओव्हर."

"कशाला हो?" मी.

अंकल म्हणाले, "सगळ्याला हो गे बाय. मुलं तुझीच आहेत. ओव्हर."

विरोधकाने सगळ्या मागण्या मान्य केल्या की आंदोलनाचं काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी तावातावाने उंचवटा ओलांडला, रियाला खेळायला पिटाळलं आणि पिकअपमध्ये तिच्या जागी बसले. भांडायला काहीतरी हवं होतं, ते सापडलं. माइक अडकवायचा हुक ड्रायव्हरच्या बाजूला नव्हताच. तो माझ्या बाजूला होता, आणि तोही खाली, माझ्या गुडघ्यापाशी.

"हा हुक चुकलाय," मी म्हटलं. "तुमचा हातसुद्धा पोचत नाही. एवढं नीट नीट करता आणि हे?"

"मापाने लावलाय."

"कोणाच्या?"

त्यांनी रुमालाने डॅशबोर्ड पुसला. त्यावर धूळ नव्हती.

"एथनच्या. माझ्या एल्विनचा मुलगा. पाच वर्षांचा आहे. ख्रिसमसला टोरांटोहून येणार ना सगळे. तुझी आंटी पण येईल त्यांच्याबरोबर."

आंटी दोन वर्षं नातवापाशीच आहेत, हे इमारतीला माहीत होतं. अंकलच्या स्वयंपाकघरात एकच कप उलटा घातलेला असतो, त्याचा कानही ओट्याच्या कडेला समांतर.

"व्हिडिओवर तो 'हाय ग्रॅन्पा' म्हणतो नि पळतो," ते म्हणाले. "चूक त्याची नाय. तो मराठीत अडकला की मीच पटकन इंग्लिश शब्द पुढे करतो. त्याच्या बापाच्या वेळी पण तेच. शिफ्टला जायची घाई. यल्ला, यल्ला, लवकर बोल. मग एल्विन इंग्लिशमध्ये बोलायचा, लवकर व्हायचं. असं करत करत माझा मुलगा माझ्याशी आयुष्यभर लवकर बोलला." त्यांनी रेडिओवर बोट ठेवलं. "याच्यावर बरं आहे. बटण सोडलं की थांबायलाच लागतं. तुझ्या मुलांवर मी सवय करतोय गे बाय. मुलांची नाय, माझी."

मी पत्रकवाली. एरवी मला पानभर लागतं. त्या दिवशी मी फक्त म्हटलं, "हुक बरोबर आहे." आणि उतरले.

हॉल मात्र तोवर झुंबाला देऊन झाला होता. मंडळाचा निषेध मी वेगळ्या पत्रकात केलाच आहे. आता शुक्रवारी चार वाजता माझा फळा पार्किंगमध्ये, पवारांच्या जीपला टेकवलेला असतो. अंकल येऊन तो सरळ करून जातात.

ख्रिसमसच्या आधी तीन-चार दिवस निरोप आला, एल्विनला लीव्ह मिळाली नाही. कोणीच येत नाही. अंकलनी आम्हाला सांगितलं नाही, आंटींनी पवारवहिनींना फोन केला. अंकलनी मात्र नाताळच्या सकाळी पिकअप धुतली, आरशाला चांदणी लावली आणि तिच्या दिव्याची वायर लपवली. दुपारी केक वाटला. मी मुलांना घेऊन जीपमध्ये बसले होते. माइक माझ्या हातात, अंगठा बटणावर, आज त्यांच्याशी काय बोलावं हे ठरत नव्हतं. तेवढ्यात रेडिओतून त्यांचा आवाज आला. समोर कोणी ऐकतंय हे त्यांना बहुधा माहीत नव्हतं.

"चॅनल चौदा. एथन, बाळा, आज काय जेवलास? ओव्हर."

आणि त्यांनी बटण सोडलं.

काही किलोमीटरचा पल्ला. पलीकडे टोरांटो. खरखर चालू राहिली. जीपच्या काचेतून मला ते दिसत होते. शेजारच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून, माइक मांडीवर ठेवून थांबलेले. घाई नाही.

मला तेव्हाही हेवाच वाटला, खरं सांगते. माझ्या उत्तरासाठी असं कोणी कधी थांबलेलं नाही.

मग रियाने माझ्या हातातून माइक काढून घेतला. बटण दाबलं आणि गप्प राहिली. शब्द तिच्या ओठांवर येऊन परत जाताना मला दिसला. तो मला माहीत होता, अगदी माझ्या जिभेवर होता. मी दात आवळून धरले.

"अंकल, मी रिया," ती म्हणाली. "एथन... अजून आला नाही. तो येईपर्यंत... मी सांगू? ओव्हर."

तर वाचकहो, मागणी एकच आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. आज घरी जा. तुमच्या पोराला मराठीत एक प्रश्न विचारा, काय जेवलास एवढा साधा. ते अडकेल, वर बघेल, इंग्लिशकडे पळू लागेल. तुमच्या तोंडात शब्द तयार असेल, तो गिळा. उपदेश नको, यल्ला नको. बटण सोडा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.