दोन सायकलींचा माणूस

हार्म वोल्बर्सचा सायकलवर जीव होता. राग होता तो सायकलवर बसणाऱ्या माणसांवर. देव्हेंटर गावात आयसेल नदीच्या बांधावरच्या रस्त्याने तो रोज सायकलवरून कचेरीत जाई आणि रोज संध्याकाळी घरी येऊन टोपी खुंटीला अडकवायच्या आत बोलायला सुरुवात करी. हात न दाखवता वळणारे, फोनमध्ये नाक खुपसून समोरून येणारे, मागून चकार शब्द न काढता कानाजवळून सुंकन जाणारे, भर रस्त्यात थांबून खिशात हातमोजे शोधणारे. आणि या सगळ्यांचे राजे म्हणजे शेजारी शेजारी सायकली चालवत गप्पा मारणारे.

"अरे, पण दोघांनी शेजारून जायला कायद्याने परवानगी आहे," त्याची बायको गेर्डीन सूप ढवळता ढवळता म्हणे.

"कायद्याने चौकात उभं राहून नाक कोरायलाही परवानगी आहे. म्हणून कोरायचं का?"

असं बरीच वर्षं चाललं. शेवटी त्याच्या बोलण्याला कंटाळून म्हणा किंवा खरोखरच पटलं म्हणून म्हणा, वस्तीच्या मंडळाने 'बांधावरची शिस्त' या विषयावर शनिवारी सकाळी सभा ठेवली आणि बोलायला हार्मलाच बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन त्याचं ऐकायला बसणार होतं. आठवडाभर तो आरशासमोर उभा राहून बोलत होता. गेर्डीन त्या आठवड्यात आपल्या बहिणीकडे जाऊन राहिली, तो निव्वळ योगायोग होता असं ती अजूनही सांगते.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "हार्म, मी गाडीत बसलेय. माझी सायकल घेऊन स्टेशनवर ये. तिथून तशीच सभेला जाऊ."

"तुझी सायकल? आणि माझी?"

"तुझ्या सायकलवर तू बस आणि माझी हाताने धरून आण. सगळं जग आणतं."

"तू बसने ये ना."

"बस गावभर फिरून येते. मी येईपर्यंत तुझं भाषण संपेल. म्हणजे माझी काही हरकत नाही म्हणा..."

हरकत हार्मची होती. बायकोने पहिल्या रांगेत बसून ऐकावं, हेच तर त्या सभेतलं अर्धं सुख होतं. त्याने पावसाळी अंगरखा चढवला, टोपडं डोक्यावर ओढलं, आपल्या सायकलवर बसला, एका हाताने ती आणि दुसऱ्या हाताने गेर्डीनची सायकल धरली आणि निघाला. एका हाताने दुसरी सायकल ओढत नेणं त्याने जन्मात केलं नव्हतं. पण शाळेतल्या पोरी केळं खात खात ते करताना त्याने पाहिलं होतं. पोरींना जमतं ते आपल्याला का जमू नये?

गल्ली संपेपर्यंत त्याला कारण कळलं. गेर्डीनची सायकल म्हणजे दावणीतून सुटलेलं वासरू होतं. तो उजवीकडे जाऊ म्हणाला की ती डावीकडे येऊन त्याच्या पायावर पॅडल मारी. तो थांबू म्हणाला की ती पुढे धावे. बांधावर चढायला डावीकडे वळायचं होतं. हात दाखवायला हात शिल्लक नव्हता. त्याने मानेने खूण केली. मागच्या बाईला वाटलं, हा आपल्याला नमस्कार करतोय. तिनेही मान हलवली आणि सरळ त्याच्या अंगावर आली.

"हात दाखवायला काय होतं हो?" ती ओरडली.

हे वाक्य हार्मच्या चांगल्या ओळखीचं होतं. आजवर ते त्याच्या तोंडून निघे, एवढाच फरक.

बांधावर वारा होता आणि भुरभुर पाऊस. एकटा असून त्याने दोन सायकलींची जागा अडवली होती. मागे कुणीतरी घंटी वाजवली. मग दोघांनी वाजवली. मग घट्ट कपडे घालून शर्यतीच्या सायकली पळवणाऱ्या पोरांचा घोळका आला.

"ओ आजोबा! कडेला घ्या की!"

आजोबा हा शब्द हार्मच्या मानगुटीवर थंड पाण्यासारखा पडला. तो कडेला झाला. गेर्डीनची सायकल गवतात उतरली, तिथे तिला एक खड्डा आवडला आणि ती उसळून परत त्याच्या अंगावर आली. हार्म रस्त्याच्या पार मध्यावर आला.

"अहो, एक काय ते ठरवा!"

तेवढ्यात डाव्या बाजूने एक प्रसन्न आवाज आला. "अरे हार्म! सकाळी सकाळी दोन दोन सायकली? दुकान काढलंस काय?"

शेजारचा योप होता. योपच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि ज्याला त्याची हकीकत ऐकायला मिळाली नव्हती असा माणूस तो गावभर शोधत फिरत होता. दोन्ही हात अडकलेला माणूस त्याला सापडला. तो हार्मच्या शेजारून आरामात सायकल चालवू लागला.

"तर डॉक्टर म्हणाला, बघायचंय का आत काय आहे ते? मी म्हटलं, दाखवा!"

"योप, जरा मागे हो ना. तीन सायकली झाल्यात शेजारी शेजारी."

"काय म्हणतोस? वाऱ्यामुळे ऐकू येत नाही. थांब, जवळ येतो."

आता बांध या काठापासून त्या काठापर्यंत बंद झाला. मागच्या घंट्या मोजण्यापलीकडे गेल्या होत्या. एक पोरंबाळं वाहणारी पेटीची सायकलही त्यात येऊन मिळाली होती आणि पेटीतली दोन चिमुरडी तालात "पुढे व्हा! पुढे व्हा!" म्हणत होती. हार्मचे कान लाल झाले. भाषणातला पहिला मुद्दा त्याला तोंडपाठ होता: 'शेजारी शेजारी चालणारा सायकलस्वार मागच्या जगाकडे पाठ फिरवतो.' मागचं जग त्याच्या पाठीला नाक लावून उभं होतं.

आणि समोर एक बाई कुत्रा घेऊन चालली होती.

घंटी उजव्या मुठीपाशी होती आणि उजवा हात वासरू सांभाळत होता. हार्म ओरडला, "बाजूला व्हा!" वाऱ्याने ते शब्द उचलले आणि नदीत टाकले. तो पुन्हा ओरडला. या खेपेला बाईने ऐकलं आणि ती डावीकडे सरकली. कुत्र्यानेही ऐकलं आणि तो उजवीकडे सरकला. दोघांच्या मध्ये लांबच लांब पट्टा ताणला गेला, बरोबर हार्मच्या छातीच्या उंचीवर.

हार्मने ब्रेक मारला. भर रस्त्यात, खूण न करता, जागच्या जागी. अशा माणसांना सायकल चालवायला बंदी करावी असं त्याने गेल्याच महिन्यात मंडळाला सुचवलं होतं. मागे ब्रेक किंचाळले, कुणीतरी सणसणीत शिवी दिली, पेटीतली चिमुरडी आनंदाने ओरडली. शर्यतीचा एक गडी रस्ता सोडून उतारावरून खाली गेला आणि मेंढ्यांच्या कळपात शिरला. मेंढ्या वर आल्या. मेंढ्यांना घाबरून कुत्रा बाईच्या पायांत घुसला आणि बाई, "अगं आई गं!" म्हणत, चिखलात फतकल मारून बसली.

लागलं कुणालाच नव्हतं. पण बांधावर आता मेंढ्या, सायकली, माणसं आणि एक कुत्रा यांचा असा काही काला झाला होता की कुणाचं कोण ते कळेना. योप तर मेंढ्यांपलीकडे दिसेनासाच झाला. तिथूनही त्याचा आवाज येत होता, "...आणि मग त्याने स्क्रू काढला!"

खरं म्हणजे हार्मने उतरायला हवं होतं. बाईला हात द्यायला हवा होता, माफी मागायला हवी होती. ते सगळं त्याच्या मनात आलंही. पण त्याने टोपडं नाकापर्यंत ओढलं, दोन मेंढ्यांमध्ये फट दिसताच वासराला तीत घातलं आणि पळाला.

स्टेशनवर गेर्डीन उभी होती. तिने आपली सायकल पाहिली. टोपलीत गवत होतं, चाकात लोकर.

"कुठून आणलीस ही?"

"बांधावरून. वारा होता."

"वाऱ्याने लोकर आली?"

"चल, उशीर होतोय," हार्म म्हणाला.

सभागृह भरलं होतं. कॉफीचा वास होता, ताटलीत बिस्किटं होती. नियमाप्रमाणे ज्याला त्याला एकच मिळणार होतं. हार्मने अंगरखा दाराशीच, सगळ्यात खालच्या खुंटीला, इतरांच्या अंगरख्यांच्या आड टांगला. केस नीट केले, कागद काढले आणि पुढे जाऊन बसला. एवढ्यात दार उघडलं आणि ती बाई आत आली. कुत्रा नव्हता, पण कोटाच्या मागे चिखलाचा भलामोठा गोल होता. तिचं नाव श्रीमती ब्रोइकिंक, असं अध्यक्षबाईंच्या बोलण्यावरून कळलं.

"अगंबाई, हे काय झालं तुम्हाला?"

"काय झालं? याच सभेला येत होते ना मी! तुम्ही विषयच असा घेतलाय की उभं राहूनच सांगते. या चिखलाने बसता तर येतच नाही." आणि तिने सांगायला सुरुवात केली.

तिच्या सांगण्यात सायकली तीन झाल्या. त्या तिन्ही एकाच माणसाने धरल्या होत्या. तो झिंगलेला होता, झिंगल्याशिवाय एवढं वाकडंतिकडं कुणाला जमणार? आधी त्याने तिच्यावर घोगऱ्या आवाजात आरडाओरडा केला, मग मेंढ्या अंगावर सोडल्या.

"बेल्जियन असणार," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. वाकडं काही घडलं की खापर शेजारच्या देशावर फोडायची तिथे रीतच होती. सगळ्यांनी माना हलवल्या.

"आणि वर पळून गेला मेला! हात द्यायला थांबला नाही!"

"शी! कसली ही माणसं!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "वोल्बर्स, तुमचा मुद्दा बघा किती बरोबर आहे."

हार्मने कागदांवरून मान वर केली नाही. शेजारी गेर्डीन अगदी स्वस्थ बसली होती. तिने स्वतःच्या बाहीवरचा लोकरीचा एक झुबका काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि तो हळूच हार्मच्या गुडघ्यावर ठेवला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून योप उठला. तो मनापासून चिडला होता. "मी म्हणतो, अशा माणसाला पकडलाच पाहिजे! बांध काय याच्या बापाचा आहे? आणि हार्म, गंमत बघ, आपण दोघं त्याच वेळेला बांधावर होतो की रे! मेंढ्याही पाहिल्या आपण! मग आपल्याला तो कसा नाही दिसला?"

सगळ्या माना हळूहळू हार्मकडे वळल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा चढवला. श्रीमती ब्रोइकिंक दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"छे छे," त्या शेवटी म्हणाल्या. "हे नव्हेत. तो चांगला म्हातारा होता. पंचाहत्तरीचा तरी असेल."

सुटला होता तो. फक्त गप्प बसायचं होतं. गेर्डीनने त्याचा दंडही धरला, कारण ती त्याला ओळखून होती. पण सकाळचं ते 'आजोबा' आत कुठेतरी खुपत होतं आणि त्यावर हे पंचाहत्तर म्हणजे...

"पंचाहत्तर?" हार्म उभा राहून ओरडला. "बाई, मला आत्ता कुठे एकसष्टावं लागलंय!"

बिस्किट चावल्याचा आवाजही थांबला.

"आणि सायकली तीन नव्हत्या," आता थांबण्यात अर्थ नाही असं वाटून तो म्हणाला, "दोन होत्या. तिसरी योपची होती."

"माझी?" योप म्हणाला. "मी तर नुसता तुझ्याशी बोलत होतो!"

पहिल्या हसल्या त्या श्रीमती ब्रोइकिंक. आधी नाकातून, मग पोट धरून. मग सगळं सभागृहच हसायला लागलं. हार्म त्यांच्यापाशी गेला, पडल्या आवाजात माफी मागितली, आपल्या वाट्याचं बिस्किटही त्यांना देऊ केलं. ते त्यांनी घेतलं. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "चला, आता भाषण होऊ द्या," आणि बिचाऱ्याला ते करावंच लागलं. लोक इतके मन लावून ऐकत होते की प्रत्येक वाक्याला हशा येत होता. लिहिताना यात विनोद आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटी टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा बोला, असा आग्रह झाला.

परत निघाले तेव्हा ऊन पडलं होतं. बांधावर सगळी मंडळी एकत्रच होती. हार्मच्या एका बाजूला अध्यक्षबाई, दुसऱ्या बाजूला योप, त्याच्या पलीकडे श्रीमती ब्रोइकिंक, त्यांना मंडळाने तेवढ्यापुरती एक सायकल दिली होती. प्रत्येकाला हार्मशी बोलायचं होतं. तो मधे होता, मान कधी इकडे, कधी तिकडे, आणि मेंढ्यांचा भाग त्याने आतापर्यंत दोनदा रंगवून सांगितला होता. इतका आनंद त्याला सायकलवर कधी झाला नव्हता.

मागे घंटी वाजली. नम्रपणे, एकदाच. मग पुन्हा. मग जरा जोरात.

"हार्म," मागून एकटीच येणारी गेर्डीन म्हणाली, "कुणीतरी पुढे जायचं म्हणतंय."

हार्मने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"काय एकेक माणसं असतात बघा," तो अध्यक्षबाईंना म्हणाला. "चार माणसं दोन शब्द बोलतायत, तेवढंही यांना बघवत नाही!"