सबनीसकाकांचं सैल रेलिंग

सबनीसकाकांची दाढ किडली, गाल टम्म सुजला, तेव्हा ते डेंटिस्टच्या खुर्चीत बसून बाकीच्या दातांचं कौतुक सांगत होते. मी सोबत गेले होते म्हणून मला माहीत. डेंटिस्ट बाई विचारत होती, कुठे दुखतंय. काका सांगत होते, समोरचे फारच छान आहेत. शेवटी बोट दाखवून बाजू मीच सांगितली.

काका म्हणजे न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावातले आमचे शेजारी. तरुणपणी पुण्याहून इकडे आले आणि वेलिंग्टनच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. मुलगा अमेय ऑकलंडला, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात. काकांच्या तोंडी दोनच उत्तरं: मराठी माणसाला ‘तसं काही विशेष नाही’ आणि बाकीच्यांना, इथल्या बोलीत झकास अशा अर्थाचं, ‘स्वीट अ‍ॅज’. मागे त्यांचं छत गळत होतं. पाणी थेट चकलीच्या डब्यात पडत होतं आणि काका मला चहात साखर किती म्हणून विचारत होते. हे काय, म्हटलं, तर तसं काही विशेष नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. काय बिघडलं, कधी, कसं, हे नीट लिहून देणं हेच माझं काम. अशा बाईच्या शेजारी देवाने हा माणूस का आणून ठेवला, ते देवालाच ठाऊक.

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, काकांच्या पुढच्या पायऱ्यांचं एकाच बाजूला असलेलं लोखंडी रेलिंग खालून निखळलं. काकांनी ते सुतळीने कुंडीला बांधून ठेवलं. मी सवयीने धरायला गेले, तर रेलिंग आणि कुंडी दोघंही माझ्यासोबत यायला निघाली. थोडंसं सैल झालंय, काका म्हणाले.

व्हॅनमध्ये वेल्डिंगचं सामान घालून घरोघरी जाणारा एक माणूस मी शोधला. कोट, म्हणजे खर्चाचा अंदाज, द्यायला त्याला माहिती हवी होती: काय तुटलंय, कसं तुटलं, कुठला धातू, मापं, फोटो, व्हॅन कुठपर्यंत येईल. काका म्हणाले, एवढं माझ्यावर सोड, आयुष्यभर ड्रॉइंगंच काढलीत. मी सोडलं.

त्यांनी पाठवलेली ईमेल मलाही आली. रेलिंग कधी बसवलं, किती इमानाने उभं राहिलं, घराला सकाळचं ऊन कसं छान येतं, सगळं होतं. फोटोत कॅमेलिया फुललेला, पायऱ्या धुतलेल्या, रेलिंग नव्याने काळं रंगवलेलं. तुटलेल्या जागी रंगाचा जाड थर, आणि त्याच्यापुढे कुंडी. परक्या माणसाला दाखवायची वस्तू अशी कशी दाखवायची, असं काकांचं म्हणणं. वेल्डरचं उत्तर आलं की बाग सुंदर आहे, पण मी नेमकं काय जोडायचं?

मग शनिवारी मी स्वतःच टेप घेऊन गेले. रंग खरवडला, कुंडी हलवली. फ्रिजवरचं मॅग्नेट लावून पाहिलं. ते चिकटलं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम नाही, पोलाद. काका मदतीला होते, म्हणजे मी फोटो काढायला लागले की त्यांचा अंगठा बरोब्बर तुटलेल्या जागेवर यायचा. मी सांगितलं की काढायचे, की परत तिथेच.

‘कसं तुटलं ते सांगा,’ मी पेन काढून विचारलं.

गंज, ते म्हणाले. मग म्हणाले, वारा. वेलिंग्टनच्या आसपास वाऱ्यावर कशाचंही खापर फोडता येतं. पण रेलिंग बाहेरच्या बाजूला चांगलं वाकलं होतं, कोणीतरी सगळा भार टाकून धरल्यासारखं. मी पेनाने तो बाक दाखवला.

‘पडलो,’ काका म्हणाले.

पायऱ्यांवर दंव गोठलं होतं. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला निघाले, पाय घसरला आणि रेलिंगसकट फुलांच्या वाफ्यात गेले.

‘अहो काका, मला हाक मारायची ना.’

‘तू गाडी मागे घेत होतीस. तुझी ट्रेन चुकली असती. मी हात केला.’

मला ती सकाळ आठवली. काका वाफ्यात बसले होते, गवत काढत असतील असं मला वाटलं होतं. मीही हसून हात केला आणि स्टेशनकडे निघून गेले.

‘तू हात केलास, बरं वाटलं,’ ते म्हणाले. ‘मग उठलो हळूहळू.’

मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. अमेयला का नाही कळवलं, विचारलं, तर म्हणाले, तो लगेच न्यायला येईल. घर मोठं आहे, सून गुणी आहे, पण सकाळी सगळे आपापल्या गाड्यांनी मोटरवेला लागले की संध्याकाळपर्यंत त्या गल्लीत चिटपाखरू नसतं. ‘इथे निदान रोज सकाळी तू दिसतेस.’

आता दुखतंय का, मी विचारलं. त्यांनी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मग सांगितलं. डाव्या बरगडीत. खोकलं की जास्त. त्या कुशीवर झोपता येत नाही. इतकी नेमकी माहिती या माणसाने जन्मात कोणाला दिली नसेल. दुपारीच डॉक्टरकडे जायचं आम्ही ठरवलं.

‘अमेयलाही सांगून टाकतो,’ ते म्हणाले. फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी पडण्यापासून वेल्डरपर्यंत सगळं सांगितलं, आणि हे घर सोडायचं नाही हेही सांगितलं. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. अमेयला मराठी सगळं कळतं, पण बोलतो इंग्रजीतच.

‘बाबा,’ तो म्हणाला, ‘आस्क हिम टू कोट फॉर बोथ साइड्स.’

काका बरगडी सांभाळत पायऱ्यांच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि टेपचं टोक धरून वरच्या पायरीवर बसले. मी खालून माप घेत होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायची त्यांनी घाई केली नाही.