राजश्री निरंजन चौबळ यांचे दक्षिण दौऱ्याची व मत्सराची हकीकत

श्री. ज्या नादास आदि नाही व अंत नाही त्यास दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहितो ऐसे जे, राजश्री निरंजन चौबळ म्हणोन गिटारवादनी निपुण गृहस्थ होते, आणि त्यांणी प्रोग्रेसिव्ह रॉक नामे कठीण संगीताची कास धरिली होती. एकेक गीत वीस वीस मिनिटांचे, ताल मध्येच सातांचा, मध्येच अकरांचा, आणि ऐकणाराचा पाय हलू लागला की ताल बदलोन जाय. पाठीशी कोणी कंपनी नाही. आपणच गीते रचावी, आपणच गावोगावचे हॉलवाल्यांस फोन करोन आर्जवे करावी, आणि आपणच अँप्लिफायर खांदी वाहावे, ऐसा क्रम होता. त्यांजपाशी ड्रम वाजविण्यास हेमांगीबाई वर्टीकर होत्या, हाताच्या पक्क्या आणि बोलण्यात थोड्या. पूर्वी याच मंडळीत श्रीनंद रेगे म्हणोन गायक होते. ते ताल चुकत, म्हणोन चौबळांनी चारचौघांत बोल लाविला, आणि रेगे निघोन गेले. मग रेग्यांनी सरळ चार मात्रांची प्रेमगीते रचिली, आणि ईश्वरी इच्छा ऐसी की लग्नाचे वरातीपासोन न्हाव्याचे दुकानापर्यंत मुलुखभर तीच वाजू लागली. तेव्हापासोन चौबळांचे पोटी जो निखारा पडला तो विझला नाही.

ऐसे असता त्या साली दौरा काढिला. भाड्याचे टेम्पोत गिटारी, ड्रम आणि त्यांचे फटीत माणसे, ऐशी स्वारी दक्षिणेस निघाली. पहिले मुक्कामी हॉलवाला कार्यक्रमाची जाहिरात करणेच विसरला होता. दुसरे मुक्कामी वीज गेली, आणि आली तेव्हा श्रोते जेवावयास गेले होते. आणि वाटेत जेथे नजर जाय तेथे रेग्यांचे हसरे मुखाचे फलक. चौबळ म्हणाले, “दातसुद्धा कंप्युटरवर पांढरे केलेत.” बाई म्हणाल्या, “दात त्याचे आधीपासून चांगले होते.”

तिसरे शहरी पोहोंचले तो दुपारी खुद्द रेग्यांचा फोन आला की, “माझा गिटारवाला डेंग्यूने पडलाय. तुमचा शो उद्या आहे ना? आज संध्याकाळी इथेच मैदानावर माझा कार्यक्रम आहे, वाजवशील?” चौबळांनी होकार दिला. मनी हेतू हा की याचे मैदान किती भरते ते डोळ्यांनी पाहावे, आणि रिकामे दिसले तर बरेच.

मैदान ओसंडत होते. चौबळ मागे उभे राहोन तेच तीन-चार सूर वाजवू लागले, आणि मनात म्हणत की हे तर शिकाऊ पोरही वाजवील. मग एके गीती रेगे गाता गाता थांबले आणि सारे मैदान गाऊ लागले. तेव्हा चौबळांचे ध्यानी आले की आपणही गात आहो, आणि शब्द सारे पाठ आहेत.

कार्यक्रम आटोपल्यावर रेगे पाण्याची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, “तू आणि हेमांगी दोघं या माझ्याबरोबर. गिटारवाला इतक्यात उठत नाही, आणि ड्रमवाला पण सोडून चाललाय. आणि माझ्या आधी अर्धा तास तुमची गाणी वाजवा. अकरा मात्रांचीच.”

“लोक ऐकतील?”

“थोडे ऐकतील. मला आवडतात ती. मला जमली नाहीत, एवढंच.”

बोलण्यात उपकाराचा वास असता तरी चौबळांस सोपे जाते. तो नव्हता. चौबळ म्हणाले, “आमचा मार्ग वेगळा आहे,” आणि गिटार उचलोन चालते जाहले.

ही वार्ता दुसरे दिवशी त्यांचे लहानशा हॉलात आधीच पोहोंचली होती. जमले तेवढे श्रोते उभे राहोन टाळ्या पिटू लागले की तत्त्वासाठी राज्य लाथाडिले. चौबळांनी मान लवविली आणि काही खुलासा केला नाही. मग सामान बांधते समयी हेमांगीबाईंनी झांजा पिशवीत घालता घालता विचारिले, “मला का नाही विचारलंस?”

“गेली असतीस?”

“गेले असते. तुलाही ओढून नेलं असतं.”

चौबळ अँप्लिफायरची तार गुंडाळू लागले आणि म्हणाले, “त्याने वाईट वागायला हवं होतं गं. मग मी गेलो असतो.”

बाईंनी त्यांजकडे पाहिले. राग केला नाही. म्हणाल्या, “त्याचा नंबर दे.” चौबळांनी दिला. दौरा संपेतो बाई इमानाने वाजवीत राहिल्या, आणि मग रेग्यांकडे रुजू जाहल्या.

तात्पर्य, निंदक म्हणतात चौबळ गर्विष्ठ, स्तुतिपाठक म्हणतात निष्ठावंत. वस्तुस्थिती ऐसी की मित्राचे बरे झालेले त्यांस जवळून पाहवले नाही. गीते उत्तम होती, आजही आहेत, आणि यंत्रातले ड्रम लावोन ते ती गावोगाव वाजवितात. हेमांगीबाईंचे आता सर्वत्र नाव आहे. पूर्वी चौबळांस मत्सर करावयास एक मनुष्य होता, आता दोन आहेत. हकीकत इतकीच.