म्हाळू गुळव्याला चूक करता येत नाही

माणूस चुकांतून शिकतो, हे सत्य आता सर्वमान्य आहे. ज्याअर्थी तो चुकांतून शिकतो, त्याअर्थी ज्यानं चूक केली नाही तो काहीच शिकलेला नाही, हेही ओघानं आलंच. थोरामोठ्यांनी या सत्याचा पहिला भाग शाळेच्या भिंतीवर लिहिला आणि दुसरा तसाच सोडून दिला. तो पुरा करण्याचं श्रेय सत्त्याहत्तर साली शिरूरला उघडलेल्या ग्रामीण अनुभव-प्रशिक्षण केंद्राला द्यावं लागेल. (केंद्र दौंड तालुक्यासाठी होतं. दौंडला जागा मिळेना म्हणून ते शिरूरला उघडलं.)

राहूचा म्हाळू बावीस वर्षं गुळव्या होता. उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या पसरट कढईत, उकळायचा आणि ती काहील नेमकी कधी चुलाणावरून उतरवायची हे सांगायचं, हे गुळव्याचं काम. जरा आधी उतरवली तर गूळ पाघळतो, जरा उशीर झाला तर जळतो. बावीस वर्षांत म्हाळूच्या हातून एकही काहील बिघडली नव्हती. त्याच्या बापजाद्यांनी मेंढरं राखलेली, त्यामुळे गूळ त्याला घरात कुणी शिकवला नव्हता. विचारलं तर म्हणायचा, "बघता बघता आला." गावाला शास्त्र ठाऊक नसल्यामुळे गाव त्याला हुशार समजत असे.

ऐन हंगामात नोटीस आली की पुढच्या दिवाळीपासून गावच्या सामाईक गुऱ्हाळावर प्रमाणपत्रवालाच गुळव्या ठेवावा. गुऱ्हाळाचे चेअरमन बबनराव ती घेऊन स्वतः म्हाळूच्या दारात आले.

"तुझ्या कामाबद्दल कुनाची तक्रार न्हाई," ते म्हणाले. "नुसता कागद पायजे. जा आन् घिऊन ये."

म्हाळूला जमीन नव्हती. गुळव्याचं काम गेलं तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. तो तळेगाव ढमढेऱ्याला एष्टी बदलून शिरूरला गेला.

केंद्राचे साहेब सज्जन होते. शिकणं या विषयावर त्यांनी तीन पुस्तकं वाचली होती. काहील त्यांनी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं. माणसं तीन प्रकारची असतात, असं त्यांनी समजावलं: डोळ्यांनी शिकणारी, कानांनी शिकणारी आणि हातांनी शिकणारी. फॉर्मवर तीन चौकटी होत्या. एकीत फुली मारायची.

"गूळ झाला हे तुम्हाला कशानं कळतं?"

"पयलं रंग बघतो. मग बुडबुड्याचा आवाज आयकतो. मग गार पान्यात बोटं बुडवून पाकाची गोळी वळतो. आन् त्याच्या आदी वास येतोच की."

नाकाला चौकट नव्हती. म्हाळूची बोटं भाजलेली दिसल्यामुळे साहेबांनी त्याला हस्तप्रधान ठरवलं. हस्तप्रधान माणसाला डोळे आणि कान यांचा व्यत्यय होतो, हे सिद्ध झालेलं आहे. (कुठं, ते तिसऱ्या पुस्तकात आहे.) म्हणून पंधरा दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून आणि कानांत कापूस घालून म्हाळूनं मातीच्या गोळ्या वळल्या. एकूण तीनशे चाळीस झाल्या. त्या तुकडीत एकोणीस प्रशिक्षणार्थी होते. नेत्रप्रधान सात, कर्णप्रधान पाच, हस्तप्रधान सहा, आणि एक जण नुसता जेवायला येत असे. त्याचीच हजेरी शंभर टक्के भरली.

शेवटच्या दिवशी अनुभवाचा तक्ता भरायचा होता. त्याचे रकाने चार: केलेली कृती, झालेली चूक, चुकीवरील चिंतन, सुधारलेली कृती. म्हाळूची गाडी दुसऱ्या रकान्यात अडली.

"बावीस वर्षांत एकही चूक नाही?"

"न्हाई साहेब."

"मग तुम्ही शिकलात कशावरून?"

चोरी पकडल्यासारखी म्हाळूची मान खाली गेली. साहेबांना दया आली. नियमात सोय होती. केंद्राच्या समक्ष एक चूक केली की भागत होतं.

"एकच काहील जाळा," ते म्हणाले. "मी स्वतः जीपनं येतो."

साहेब आले त्या दिवशी नंबर भागुबाईचा होता. म्हातारीचा ऊस बांधाकडेला, वर्षाकाठी त्याची एकच काहील व्हायची. त्यातला गूळ दोन्ही लेकींच्या घरी जायचा. हे म्हाळूला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, धुरपदालाही ठाऊक होतं. तरी सकाळी भाकरी बांधून देताना ती म्हणाली होती, "जाळा एक डाव. आपलं प्वाट बी त्याच काहिलीत हाय."

तिचं खरं होतं. जाळायचं ठरवूनच म्हाळू काहिलीशी उभा राहिला. हात पाठीशी घट्ट धरले. रंग फिरला, तो बोलला नाही. आवाज बदलला, तरी बोलला नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग तो वास आला, आणि काय होतंय ते कळायच्या आत म्हाळू ओरडला, "उतरवा!"

गूळ सोन्यासारखा झाला. साहेबांनी खडा तोंडात टाकला, बोटं चाटली, घरच्यांसाठी थोडा बांधून घेतला आणि शेरा लिहिला: "अनुत्तीर्ण. उमेदवारास चूक करता येत नाही. शिकण्याची क्षमता आढळत नाही."

बबनरावांचा भाचा खंडू पहिल्या वर्गात पास झाला. त्यानं अकरा काहिली जाळल्या होत्या, आणि प्रत्येकीवर चिंतन केलं होतं. पोरगा मनानं निर्मळ होता. "मामा, मला ह्यातलं काय बी येत न्हाई," असं त्यानं साहेबांसमोरच आपण होऊन सांगितलं. नम्रतेबद्दल त्याला दोन गुण वाढवून मिळाले.

दिवाळीनंतर खंडू काहिलीशी उभा राहिला आणि म्हाळू खाली चुलाणात चिपाडं घालायला लागला. (जाळ घालणाऱ्यानं पाकाविषयी मत देऊ नये, असा नियम त्याच महिन्यात निघाला.) भागुबाईची काहील चढली तेव्हा तो वास आला आणि पुढं गेला. म्हाळूनं खाली मान घालून आणखी दोन चिपाडं सारली. चुकून तोंड उघडेल म्हणून त्यानं टॉवेल दातात धरला होता.

गूळ काळाठिक्कर निघाला. भागुबाई काठी टेकत चुलाणापाशी आली.

"म्हाळू, तुझं नाक मेलं व्हतं का रं?"

"नाक हाय, आक्का. कागद न्हाई."

भागुबाई तशीच काठी टेकत परत फिरली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या हंगामाच्या सगळ्या ढेपा काळ्या झाल्या. केंद्रानं प्रत्येक ढेपेवर "शास्त्रशुद्ध प्रशिक्षित कारागिराचा" असा शिक्का मारून माल पुण्याला पाठवला आणि दुकानादुकानांत अभिप्रायवह्या ठेवल्या. वाचकहो, त्या संक्रांतीला तो गूळ आपल्याच घरी आला होता. धाकट्यानं तोंड वाकडं करून "जळका लागतोय" म्हटलं, तेव्हा आपण त्याला शिक्का दाखवलात आणि अस्सल गूळ असाच असतो हे समजावून सांगितलंत. मग दुकानात जाऊन आणखी दोन किलो मागितलात. केंद्र पुढच्या वर्षी कायम झालं, ते वहीतल्या आपल्या सहीवर.