तात्यापाऱ्यातली खरखर

यज्ञेश्वर दाणींनी त्या मंगळवारी सकाळी एवढंच ठरवलं होतं, की खरखर कुठून येते ते शोधायचं आणि चहाच्या आत घरी परतायचं. त्यापायी रायपूरचा अर्धा तात्यापारा मोहल्ला त्यांच्या ओसरीवर येऊन बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

दाणी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हेडक्लार्क होते, पण तो पोटापाण्याचा भाग. त्यांचा जीव होता गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे त्यांचा रिसीव्हर होता, मोर्सची चावी होती आणि हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, लायसन्स चौकटीत लावलेलं होतं. (शेजारी लग्नाचा फोटो होता. त्याची चौकट जरा लहान होती, एवढंच.) त्यांना नाद होता एकशेसाठ मीटरच्या बँडचा. या लहरी भलत्या लांब, म्हणून तारही लांब लागते. दाण्यांची तार त्यांच्या गच्चीवरून निघून शेजारच्या विजयाताईंच्या गच्चीवरून थेट भैय्यालालच्या दुकानामागच्या कडुनिंबाला बांधलेली होती. एवढं करूनही दिवसा काही ऐकू येत नाही. फार लांबचं स्टेशन लागलंच तर उजाडताना, वीसेक मिनिटं. आपल्याकडे दिवस उगवत असतो, तिकडे दिवेलागण होत असते, आणि त्या सांध्यातून आवाज निसटून येतो.

असाच एक आवाज त्यांना आठ वर्षं हुलकावणी देत होता. सतरा हजार किलोमीटरवर, प्रशांत महासागरातल्या एका बेटावर एक म्हातारा हॅम होता. त्या नोव्हेंबरात तो दहा दिवस या बँडवर येणार होता आणि मग बेट सोडून कायमचा लेकीकडे जाणार होता. दहातले सहा दिवस उलटले होते. रोज सहाच्या सुमाराला दाणी हेडफोन चढवून बसले, की हेडफोनमध्ये खर्रर्र सुरू व्हायची. साडेसहाला आपोआप बंद.

म्हणून त्या सकाळी ते गळ्यात ट्रान्झिस्टर अडकवून, हेडफोन लावून गल्लीत उतरले. प्रत्येक घरासमोर ट्रान्झिस्टर इकडून तिकडे फिरवायचा, खरखरीला दहापैकी मार्क द्यायचे आणि घर नंबरासकट डायरीत लिहायचे, अशी त्यांची शास्त्रशुद्ध पद्धत होती.

आता, रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन वर्ष झालं होतं. रोज नवे साहेब येत होते आणि रस्ते रुंद होणार ही बातमी दर आठवड्याला उठत होती. कोणी डायरी घेऊन घरासमोर उभा राहिला, की माणसं घराचे कागद शोधायला लागायची.

भैय्यालाल दुकानाचं शटर उघडत होता. त्याने डायरीवर बोट ठेवून विचारलं, "भैया, हमारे में कितना लिखे हो?"

"आठ," दाणी म्हणाले.

"आठ फुट?"

दाण्यांच्या कानात खर्रर्र चालू होती. त्यांना नुसते ओठ हललेले दिसले. "हव," मान डोलावत ते म्हणाले आणि पुढे सरकले.

विजयाताई अंगणात सडा टाकत होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं होतं. "भाऊजी, आमचं किती?"

या वेळी दाण्यांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. "तुमचं नऊ आहे, विजयाताई. लय खराब. मले वाटते, जुनं सगळंच काढा लागन." (ते वायरिंगबद्दल बोलत होते.)

विजयाताईंनी बादली खाली ठेवली आणि त्या तिथेच ओट्यावर बसल्या.

संध्याकाळी दाणी ऑफिसातून आले तर ओसरीवर अकरा माणसं. पद्मजा, म्हणजे दाण्यांची बायको, दुसऱ्यांदा चहा टाकत होती. भैय्यालालने एक किलो पेढे आणले होते.

"भैया, आठ का चार कर दो," तो हात जोडून म्हणाला. "आठ में तो पूरी दुकान चली जाएगी."

"दुकान कसं जाईल? फार तर ट्यूबलाइटची पट्टी बदला."

"पट्टी बदलून रस्ता रुंद होते का?" विजयाताईंनी विचारलं. त्यांचे डोळे सुजले होते. "भाऊजी, तीस वर्षांचे शेजारी आपण. तुमची तार आमच्या गच्चीवरून जाते, त्यावर मी कपडेसुद्धा वाळत नाही घातले. अन् तुम्ही आमचंच घर लिहून दिलं?"

अर्धा तास लागला समजावायला. बेट, म्हातारा, उजाडतानाची वीस मिनिटं, सगळं सांगावं लागलं. घरं पडणार नाहीत हे कळल्यावर लोकांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच सगळ्यांना राग आला.

"म्हणजे आमच्या घरातून घाण येऊन राहिली म्हणता तुम्ही?" विजयाताई म्हणाल्या. "ठीक आहे. उद्या सहाला आख्खी गल्ली मेन स्विच बंद करते. मग सांगा कोणाचा आवाज."

भैय्यालालने पेढे परत घेतले नाहीत, पण डब्याचं झाकण मात्र लावून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सहाला गल्लीतली सगळी घरं अंधारली. लोक शाली पांघरून बाहेर उभे. मधोमध दाणी, डोळे मिटून, हेडफोन लावून. खर्रर्र. जशीच्या तशी.

ते भैय्यालालच्या दुकानाकडे गेले. आठ. विजयाताईंच्या दारात आले. नऊ. आणखी चार पावलं टाकली, साडेनऊ. डोळे मिटलेलेच होते, आवाजाच्या मागे मागे पाय चालले होते, मागून सगळी गल्ली. एक उंबरा लागला, एक चपलांचा ढीग लागला, एका दारावर कपाळ आपटलं. दहा.

त्यांनी डोळे उघडले. दार त्यांच्याच मागच्या खोलीचं होतं. (स्वतःच्या घरचं मेन बंद करायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर रिसीव्हर लागतो ना.)

आत पद्मजा सतरंजीवर बसून गात होती. समोर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा, त्याला अ‍ॅडॉप्टर. दाण्यांनी हेडफोन काढला. खरखर गेली आणि भैरव ऐकू आला.

ती थांबली. दारात नवरा, त्याच्यामागे गल्ली.

"हे कधीपासून?" दाण्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून. मंडळात गायचं आहे पुढच्या महिन्यात."

"मले काहून नाही सांगितलं?"

"लग्नानंतर एकदा गायली होती तुमच्यासमोर. तुम्ही म्हणाले, थोडं ट्यूनिंग कमी आहे." ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही कानात ते घालून वर बसता, तेवढाच अर्धा तास मले मिळते."

तीन दिवस राहिले होते बेटाचे. तीनच दिवस रियाज थांबव, एवढं वाक्य दाण्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. आठ वर्षांत प्रथमच त्यांना वाटलं, की म्हातारा गेला तर गेला.

"अ‍ॅडॉप्टर खराब आहे," ते म्हणाले. "मी उघडून पाहतो."

"हात नका लावू. मिक्सर उघडला होता तुम्ही."

"मग सेलवर चालव."

"सेलवरच चालवत होती. दिवाळीत तुम्ही ते काढून रिसीव्हरच्या दिव्याले लावले. म्हणून तर अ‍ॅडॉप्टर आणलं."

विजयाताई पुढे झाल्या आणि सतरंजीवर बसल्या. "तू गा, पद्मजा," त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही सेल आणा."

दाण्यांनी भैय्यालालकडून डझनभर सेल घेतले. त्या सकाळी आणि दुसऱ्या सकाळी बेट काही लागलं नाही. शेवटच्या दिवशी, सहा वाजून सतरा मिनिटांनी, शांत हेडफोनमधून मोर्सचं बारीक डिट-डा डिट-डा उमटलं. म्हातारा होता. दाणी श्वास रोखून लिहीत गेले. साडेसहाला आवाज विरला, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. कागद घेऊन ते जिना उतरले, तेही दोन-दोन पायऱ्या.

पद्मजाला खरंच बरं वाटलं. "लागलं? काय म्हणाला तो तुम्हाले?"

"मले नाही. एका जपानवाल्याशी बोलत होता. मी ऐकलं."

"बरं, त्याले काय म्हणाला?"

दाण्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "डावा गुडघा दुखतो म्हणे. रात्री जास्त. तेल लावून पाहिलं, फरक नाही."

पद्मजाने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"त्यासाठी एवढी लांब तार काहून बांधली?" ती म्हणाली. "विजयाताईंच्या ओट्यावर बसले असते, तर रोज ऐकायले मिळालं असतं. अन् त्या आवाजही मोठा काढतात."